पिळलेला स्क्रू, ताणलेली तार

एकदा एक चष्मेवाला आपल्या अंगणात उलट्या केलेल्या सायकलीपुढे अशा मुद्रेने बसला होता, की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, सत्यनारायण मांडलाय आणि भटजींचा पत्ता नाही. समोर पाटावर पान्हे होते, पक्कड होती, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती, जुन्या धोतराची फडकी होती. साहित्य सगळं जमलं होतं. देव तेवढा प्रसन्न होत नव्हता.

दृष्टांत म्हटला की आपल्याला नदीकाठचा आश्रम हवा असतो आणि पांढऱ्या दाढीचे ऋषी हवे असतात. सायकल म्हटल्याबरोबर काही जण नाक मुरडतील. मुरडोत बापडे. मनुष्याचं जिथे अडतं तिथेच तो शिकतो, आणि या गृहस्थाचं घोडं सायकलीच्या पुढच्या गीअरपाशी पेंड खात होतं.

गृहस्थाचं नाव विद्याधर. घाटाच्या पायथ्याशी एक लहानसं शहर आहे, तिथल्या पेठेत त्याचं चष्म्यांचं दुकान. ही विद्या त्याला तात्या नावाच्या एका वृद्ध चष्मेवाल्याने शिकवली. भिंग घासावं कसं, काडी वाकवावी कशी, गिऱ्हाइकाच्या कानामागे दुखतंय हे त्याने सांगायच्या आधी ओळखावं कसं, सगळं तात्यांचं. विद्याधरही गुणी. लोक यायचे, नाकावरून घसरणारा चष्मा काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "सैल झालाय हो." विद्याधर बारीक स्क्रूड्रायव्हर उचलायचा, काडीच्या स्क्रूला पाव फेरा द्यायचा आणि चष्मा परत करायचा. गिऱ्हाईक खूश. अशी वर्षं गेली, आणि जगाविषयी त्याचं एक पक्कं मत होऊन बसलं: जे हलतं ते सैल असतं, आणि सैल असेल ते पिळलं की प्रश्न मिटतो.

आता सायकलीचं. ती त्याची नव्हे, त्याच्या मुलीची. मृण्मयी कॉलेजात शिकत होती आणि सायकलवाल्या मित्रमैत्रिणींच्या एका चमूत सामील झाली होती. रविवारी हा चमू घाट ओलांडून पलीकडच्या धरणापर्यंत जाणार होता आणि संध्याकाळी परतणार होता. विद्याधरने आधी साफ नकार दिला होता. त्याला कारणही होतं. महिन्यापूर्वी गावाबाहेरच्या उतारावर मृण्मयीच्या सायकलीची साखळी पडली, सायकल हेलकावली आणि पोरगी रस्त्यावर आपटली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण ते रक्ताळलेलं कोपर घेऊन ती दारात उभी राहिली तेव्हा विद्याधरला जी धास्ती बसली, ती कोपर बरं झालं तरी गेली नाही.

मायलेकींनी चार दिवस समजूत घातली. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण सायकल मी स्वतः नीट करून देईन. माझी खात्री पटली तरच जायचं."

"दुकानात टाकते ना बाबा, ते लोक लगेच करून देतात," मृण्मयी म्हणाली.

"घरात स्क्रूड्रायव्हर धरणारा माणूस असताना?" विद्याधर म्हणाला. त्याची पत्नी सुमेधा हे ऐकून सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. संसारात कधी बोलू नये, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ज्यांनी गीअरची सायकल जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पायडलपाशी दोन दातेरी चकत्या असतात. आतली छोटी, चढासाठी. बाहेरची मोठी, सपाटीसाठी. साखळी एकीवरून दुसरीवर आपणहून जात नाही. तिला ढकलायला दोन पात्यांचा एक चिमटा असतो आणि साखळी त्या दोन पात्यांमधून जाते. हँडलवरचा खटका दाबला की तार ओढली जाते आणि चिमटा साखळीला बाहेर, मोठ्या चकतीवर नेतो. तार सोडली की स्प्रिंग त्याला परत आत आणते. आणि त्या चिमट्यावर दोन बारीक स्क्रू असतात. एक सांगतो, आत इथवरच. दुसरा सांगतो, बाहेर इथवरच. बस्स, एवढाच संसार.

उतारावर साखळी पडली होती ती मोठ्या चकतीच्याही पलीकडे जाऊन. विद्याधरने कुठेसं पाहिलं, बाहेरचा स्क्रू कोणता ते शोधलं आणि त्याला सवयीने पाव फेरा दिला. मग मनात आलं, पोरीचा प्रश्न आहे, अजून अर्धा फेरा असू द्या. मग अजून एक. शेवटी स्क्रू फिरायचाच थांबला, तेव्हा त्याने समाधानाने घाम पुसला. पायडल फिरवलं, खटका दाबला. साखळी पडली नाही. पडायला ती आधी चढावी तर लागते ना. साखळी छोट्या चकतीवर जी बसली ती तिथून हलेचना.

"तार सैल असणार," विद्याधर स्वतःशीच म्हणाला. त्याने तारेचा नट सोडला, पक्कडीने तार जीव खाऊन ओढली आणि नट पुन्हा आवळला. आता खटका इतका जड झाला, की दाबायला दोन्ही अंगठे लागावेत. साखळी कण्हत कण्हत मोठ्या चकतीच्या कडेपर्यंत गेली, दात्यांवर खडखडली आणि परत घसरली. आणि आता छोट्या चकतीवरही ती धड राहीना. ताणलेली तार चिमट्याला पुरतं आत येऊ देईना, त्यामुळे पातं साखळीला घासून सारखी खरखर. करायला गेला एक आणि झालं भलतंच. त्याने आतला स्क्रू पिळून पाहिला, काही फरक नाही. उलटा फिरवून पाहिला, तरी नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, त्यातला माणूस म्हणाला आधी स्क्रू, मग तार. दुसरा लावला, त्यातला म्हणाला स्क्रूला हातच लावू नका. तिसऱ्यातला माणूस नुसता हसत होता, निदान विद्याधरला तसं वाटलं.

त्यात सायकल उलटी. डावं ते उजवं दिसे, आत ते बाहेर वाटे. एकदा तर त्याने अंगणाची फरशी उतरती आहे म्हणून सायकल नीट उभी राहत नाही, अशी तक्रार केली. सुमेधा दाण्याचं कूट करत होती. ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." ही म्हण इतक्या तंतोतंत जागी क्वचितच कुणी वापरली असेल. विद्याधरला हसू आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मृण्मयी सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली आणि हातात धरून चालत परत आली. सायकल तिने भिंतीला टेकवली. आवाज चढवला नाही.

"बाबा, खरं सांगा. मी जाऊ नये असंच वाटतंय ना तुम्हाला?"

"अगं, काहीतरीच काय."

"मग तसं तोंडावर सांगा. चालेल मला. पण जा म्हणायचं आणि सायकल बिघडवून ठेवायची, हे नको. आधी निदान ती चालत तरी होती."

ती आत निघून गेली. विद्याधरला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण राग येईना. मुलीचं म्हणणं खोटं आहे, असं तो मनाशी पुनःपुन्हा म्हणत होता, आणि ते पूर्ण खोटं आहे असंही त्याला ठामपणे वाटेना. आपण सायकल दुरुस्त करतोय की अडवतोय? ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून खटपट केली, त्याला स्वतःच्या हातांचं काय चाललंय ते दिसेना. रविवार एका दिवसावर आला होता. सायकल नीट झाली नाही तर मुलगी घाटात जाणार नव्हती, आणि यापुढे बापाच्या 'हो'वर तिने कधी विश्वास ठेवला नसता.

शनिवारी सकाळी दुकान न उघडता तो तात्यांकडे गेला. तात्यांनी दुकान सोडल्याला बरीच वर्षं झाली होती. सत्तरीत त्यांनी गीअरची सायकल घेतली, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. तात्या मात्र रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत जाऊन येत आणि आपली सायकल आपणच ठीकठाक करत.

"तात्या, पडते म्हणून स्क्रू आवळला, तर चढेना. चढावी म्हणून तार ओढली, तर उतरेना. मी काय करतोय तेच मला कळेनासं झालंय," विद्याधर म्हणाला.

"चहा झाला का तुझा?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुझ्याकडेच घेऊ. सुमेधा आलं घालते."

अंगणात येताच तात्यांनी पहिलं काम केलं ते सायकल सरळ करण्याचं. "तब्येत विचारायच्या आधी कुणाला शीर्षासन घालायला लावतो का आपण?" ते म्हणाले. पडवीतला झोपाळा उतरवून त्याच्या कड्यांना त्यांनी सायकल दोरीने टांगली, म्हणजे मागचं चाक मोकळं फिरावं. मग पान्हा घेतला आणि विद्याधरने जीव खाऊन ओढलेली तार सोडूनच दिली. तारेचं टोक झाडूसारखं पिंजारलेलं होतं. तात्यांनी ते बघितलं, विद्याधरकडे बघितलं, आणि म्हणाले, "फिरव पायडल."

विद्याधरने फिरवलं. साखळी छोट्या चकतीवर गुपचूप फिरू लागली. खरखर गेली. सगळं सोडून दिल्यावर नीट चालतं म्हणजे काय, हे त्याला समजेना. तो विचारणार, इतक्यात तात्यांनी बाहेरच्या स्क्रूला हात घातला आणि तो उलटा फिरवायला सुरुवात केली.

"तात्या, तो नको. तोच तर पडण्यापासून वाचवतो."

"फिरव तू."

तात्यांनी चिमटा बोटांनी बाहेर ढकलला. साखळी सपकन मोठ्या चकतीवर चढली, तशीच पुढे गेली आणि पलीकडे पडून लोंबू लागली.

"चढव," तात्या म्हणाले.

विद्याधरने हाताने साखळी चढवली. बोटं काळी झाली. तात्यांनी पुन्हा ढकललं, साखळी पुन्हा पडली. "चढव." पुन्हा तेच. सुमेधाने चहा आणून ठेवला, तो निवला. ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली होती तीच गोष्ट हे वृद्ध गृहस्थ मुद्दाम, शांतपणे, जणू जपाची माळ ओढावी तसे करत होते. त्याच्या मनात आलं, वय झालंय तात्यांचं. मग अशी शंका आल्याची त्याला लाज वाटली. मग पुन्हा साखळी पडली आणि शंका परत आली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मृण्मयीचा आवाज आला. "आई, आता दोघं मिळून पाडताहेत."

विद्याधरने मान खाली घातली. तात्यांनी ऐकलं, पण हात थांबवला नाही.

असं बऱ्याच वेळा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता सांग, पडते कुठे?"

विद्याधर उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की उत्तर आपल्याला येतंय. चिमट्याचं बाहेरचं पातं चकतीच्या बरंच पुढे गेलं, की मगच साखळी पडत होती. त्याच्या अलीकडे ती मुकाट दात्यांवर बसत होती. त्याने बोटाने जागा दाखवली.

"आणि तू तिला अडवली होतीस कुठे?"

विद्याधरचं बोट आत सरकलं. मोठ्या चकतीच्याही आत.

"हा स्क्रू इतका का पिळलास?"

"पडू नये म्हणून."

"आणि तार इतकी का ताणलीस?"

"चढावी म्हणून."

"म्हणजे आधी अडवलंस, आणि मग अडवलेल्यालाच ओढलंस," तात्या म्हणाले. त्यांनी निवलेल्या चहाचा घोट घेतला आणि पायरीवर बसले. "दोष माझाही आहे म्हण. सैल दिसलं की पिळ, हे मीच तुला शिकवलं. पण बाबा रे, चष्म्याचं काम नाकावर बसून राहायचं आहे. तो हलला नाही की आपलं काम झालं. सायकलीचं काम जाण्याचं. इथला स्क्रू कुणाला धरून ठेवत नाही, तो नुसती हद्द दाखवतो. जिथे पोचायचं, त्याच्या थोडी पलीकडे ती हद्द असावी लागते. ती नेमकी कुठे हे साखळी पाडून, स्वतःच्या हाताने चढवून, पुन्हा पाडून कळतं. तू पाडून बघितलीच नाहीस. पडेल या धास्तीनेच हद्द ठरवलीस, आणि धास्ती नेहमी फार अलीकडे कुंपण घालते."

विद्याधर काळी बोटं फडक्याला पुसू लागला.

"मृण्मयीनं जावं, असं वाटतं का तुला?" तात्यांनी आवाज उतरवून विचारलं.

"वाटतं."

"आणि जाऊ नये असं?"

विद्याधरने पाटावरचा पान्हा उचलून परत ठेवला. मग म्हणाला, "तेही वाटतं."

"दोन्ही वाटणारच, बाप आहेस. पण दोन्ही गोष्टी एकाच चिमट्याला सांगू नयेत. तो बिचारा काय करील?"

पुढचं काम तात्यांनी केलं नाही. ते पायरीवर बसून राहिले आणि विद्याधरने केलं. तारेचं पिंजारलेलं टोक त्याने कापून टाकलं. स्क्रू बाहेरून थोडा थोडा आत आणला, दर वेळी चिमटा ढकलून बघितला, आणि जिथे साखळी चढायची पण पडायची थांबली, तिथे हात उचलला. हात उचलणं त्याला जड गेलं. अजून पाव फेरा द्यावा, असं बोटांना फार वाटत होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर पाटावर ठेवून दिला. तार लोंबणार नाही एवढीच ओढून नट आवळला. खटका दाबला. साखळी चढली. सोडला. उतरली. एका अंगठ्याचं काम.

"आता पडणार नाही ना?" त्याने विचारलं.

"पडेल की. खड्ड्यात चाक आपटलं, भलत्या वेळी खटका दाबला, तर पडेल," तात्या म्हणाले, आणि चपला सरकवून चालू लागले.

विद्याधर पुन्हा गोंधळला. मग इतका वेळ केलं काय? दुरुस्त झाली ती सायकल पडणार कशी, आणि पडणार असेल तर ती दुरुस्त कसली? तो बराच वेळ टांगलेल्या सायकलीशेजारी उभा राहिला. गुरू लोकांची ही एक खोडच असते. अर्धं सांगतात आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला अंगणात उभं करून जातात.

मग त्याने मृण्मयीला हाक मारली. ती आली, पण हाताची घडी घालून. विद्याधरने सायकल खाली उतरवली आणि तिच्या डोळ्यांदेखत साखळी हाताने ओढून पाडली.

"बाबा, हे काय आता?"

"चढव."

"मी?"

"घाटात मी नसणार. चढव."

तिने हाताची घडी सोडली. नंतर खाली बसली. पहिल्यांदा बोट चिमटलं, साखळी निसटली. विद्याधरचे हात पुढे झाले. ते त्याने पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. मागच्या चाकापाशी साखळी ताणून धरणारा दांडा पुढे ढकलून ती कशी सैल करायची, खालून धरून पायडल मागे कसं फिरवायचं, हे त्याने तोंडाने सांगितलं. ती चुकली, पुन्हा चुकली, आणि मग साखळी दात्यांवर बसली. तिने पायडल फिरवलं, खटका दाबला. मोठी चकती. सोडला. छोटी. तिने दोन-तीनदा तसंच केलं, आणि मग आपणहून साखळी पाडून पुन्हा चढवून बघितली.

"म्हणजे मी जाऊ उद्या?" तिने विचारलं.

"जा," विद्याधर म्हणाला. "मला भीती वाटतेय, ते वेगळं. तू जा."

"आधीच सांगायचं ना असं," ती म्हणाली. आदल्या दिवसापासून ती त्याच्याशी हसली नव्हती, आता थोडीशी हसली.

रविवारी ती पहाटे गेली. विद्याधरने फाटकापर्यंत जाऊन पाचसहा सूचना करायचं ठरवलं होतं, त्यातली एकच केली, पाणी प्यायची. दिवसभर तो घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहिला. मोबाइल उचलला आणि ठेवला, असं किती वेळा झालं ते सुमेधाने मोजलं नाही, पण दुपारी तिने त्याच्या हातात निवडायला मेथी दिली.

ऊन कलल्यावर फाटक वाजलं. मृण्मयी घामाने निथळत होती, चेहरा लाल झाला होता आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. विद्याधरचं लक्ष आधी हातांकडेच गेलं.

"साखळी पडली?"

"हो ना. घाट उतरताना एका खड्ड्यात."

"मग?"

"मग काय, बाजूला थांबले, चढवली आणि निघाले. आई, खायला काय आहे?"

ती हात धुवायला मोरीकडे गेली. विद्याधर पायरीवर बसला. महिनाभर ज्या एका गोष्टीला तो भीत होता, नेमकी तीच घाटात, उतारावर, त्याच्या माघारी घडून गेली होती. आणि त्याला बरं वाटत होतं.